मशीन थांबवलं, तरी डिस्कचं मीटर चालूच

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी मशीन, शिकणाऱ्यांना ‘सराव झाला की मशीन स्टॉप करा, बिल येणार नाही’ असा सल्ला दिला जातो; तो अर्धाच बरोबर आहे. प्रोसेसर आणि मेमरीचे पैसे थांबतात, डिस्कचे थांबत नाहीत. यात कंपनीची लबाडी वगैरे काही नाही, रचनाच तशी आहे. अॅमेझॉनच्या ईसी२ या भाड्याने मशीन देणाऱ्या सेवेत मशीनला जोडलेली ईबीएस डिस्क (अॅमेझॉनची भाड्याची डिस्क) ते मशीन ज्यावर चालतं त्या सर्व्हरच्या पेटीत नसतेच. ती वेगळ्या स्टोरेज यंत्रणेत असते आणि नेटवर्कवरून जोडलेली असते. म्हणून तर स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलं की मशीन बहुधा दुसऱ्याच सर्व्हरवर उठतं आणि फायली मात्र जागच्या जागी सापडतात. आपोआप मिळालेला पब्लिक आयपी (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) तेवढा बदलतो. याउलट ‘इन्स्टन्स स्टोअर’ ही डिस्क खरोखर त्याच सर्व्हरमध्ये असते. तिच्यावरचा डेटा रीबूटमध्ये टिकतो, स्टॉप केलात की गेला.

नुसते पाठ्यक्रमाचे व्हिडिओ बघण्यापेक्षा हे एकदा करून बघा: एका झोनमधली ईबीएस डिस्क त्याच रीजनमधल्या दुसऱ्या झोनमधल्या मशीनला जोडायचा प्रयत्न करा (रीजन म्हणजे कंपनीचा एक भौगोलिक प्रदेश, झोन म्हणजे त्यातला डेटा सेंटरचा एक वेगळा गट). साध्या डिस्कला ते जमत नाही. आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घ्यावा लागतो, मग त्यावरून दुसऱ्या झोनमध्ये नवी डिस्क बनवावी लागते. झोन आणि रीजन यांतला फरक यातून जितका पक्का होतो तितका आकृत्या पाठ करून होत नाही. आणि सराव संपल्यावर ते स्नॅपशॉटही पुसा, त्यांचंही भाडं लागतं.