मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून भाच्याला पोलिसांची नोटीस

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. माझा भाचा सांगली जिल्ह्यात एका खेड्यात राहतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. देवस्थानं जोडणाऱ्या शक्तिपीठ महामार्गात त्यांची द्राक्षबाग जायची वेळ आलीय. परवा त्यानं आमदारांचा फोटो लावून स्टेटस ठेवलं, "आमची काळी आई घेऊन तुम्ही देवदर्शनाला जाणार? मतं मागायला आलात तर वेशीवरूनच परत पाठवू."

एका कार्यकर्त्यानं स्क्रीनशॉट काढून तक्रार दिली. काल ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो आला: मोबाईल घेऊन हजर राहा. फोनवर सांगतात की धार्मिक भावना दुखावल्या, आणि 'वेशीवरून परत पाठवू' ही धमकीच आहे.

घरात रडारड चाललीय. दाजींचं म्हणणं, हात जोडून माफीचा व्हिडिओ टाक आणि मिटव. सरपंचही तेच सांगून गेले. पोरगा तयार नाही, आणि मला त्याचं पटतं. महामार्गाबद्दल माझं मत त्याच्या अगदी उलट आहे, दिवाळीत त्यावरून आमची चांगलीच जुंपली होती. पण ज्याची बाग जाणार, त्यानं निवडून दिलेल्या माणसाला जाबसुद्धा विचारायचा नाही? २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, पुढे २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्यातलं ते ६६अ कलमच रद्द केलं. तेव्हा वाटलं होतं, हा विषय संपला.

अटक होऊ शकते का? मोबाईल द्यावाच लागतो का? माफी मागितली तर ती उद्या गुन्ह्याची कबुली ठरेल का? परीक्षा तोंडावर आहे, कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:

दादा, आधी नोटिशीवर कलम कुठलं आहे ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ असेल (जुन्या सीआरपीसीचं १४९) तर ती नुसती प्रतिबंधात्मक समज आहे. ३५(३) असेल तर तपासासाठी बोलावलंय. मग हजर राहायचंच. हजर राहून सहकार्य केलं तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. मात्र ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं स्पष्ट सांगितलंय. कागद हातात मागा. एफआयआर झालाय का, तेही विचारा.

मोबाईल घेतलाच तर पंचनाम्याची प्रत घ्या. फोनमधलं काही पुसू नका. उलट स्टेटसचा पूर्ण स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण तक्रारदारानं अर्धंच वाक्य कापून दिलेलं असू शकतं.

धार्मिक भावनांच्या कलमाला (भारतीय न्याय संहिता २९९) जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान करणं लागतं. इथे राग भूसंपादनावर आहे. १९६ लावायचं तर दोन समाजगटांत वैर लावणं दिसलं पाहिजे, आमदार म्हणजे समाजगट नव्हे. बदनामी (३५६) अदखलपात्र आहे. 'वेशीवरून परत पाठवू' यावर ते जोर देतील, पण मतं मागणाऱ्याला परत पाठवणं म्हणजे मत न देणं, मारहाण नव्हे. जबाबात हे त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगावं.

तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ३७० रद्द झाल्याच्या दिवसाला 'काळा दिवस' म्हणत स्टेटस ठेवलं होतं. मुंबई हायकोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला, सुप्रीम कोर्टानं मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेनं मोजायचा, दुबळ्या मनाच्या नव्हे, हा निकष त्यात आहे. तो मूळ नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा. एवढं मात्र खरं की सुटका व्हायला त्या प्राध्यापकाला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

माफीचा व्हिडिओ वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात नको. एकदा व्हायरल झाला की तो परत घेता येत नाही, आणि तक्रार त्यानं आपोआप मागेही पडत नाही.

धागाकर्ता:

खूप आभार. नोटिशीवर १६८ आहे, आताच झूम करून पाहिलं. दाजींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, व्हिडिओचा विषय सध्या थांबलाय. तरी उद्या वकील बरोबर घेऊनच ठाण्यात जाऊ. सांगली-मिरजेत अशी प्रकरणं हाताळलेले कुणी वकील माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.