थंबनेलचे केबी कसे उतरवता? अनुभव लिहा (नागपूरकर)

बर्डीकर: आज एका वेबपानावर संत्रा बर्फीचे बोटभर फोटो (थंबनेल) रांगत रांगत उघडले अन् 2जीचे दिवस आठवले. प्रत्येकामागे 4000 बाय 3000 चा मूळ फोटो! पानावर रुंदी 300 लिहिली म्हणून फाइल लहान होत नाही, फोन आख्खी फाइल ओढतो. आधी पिक्सेल कापा. 300 बाय 225 केलं की मूळचा 178वा हिस्साच उरतो. मग जेपेग क्वालिटी 100 पैकी 75. तुम्ही काय करता?

खामला_कट्टा: 75 सगळीकडे नको राजेहो. फोनच्या दाट स्क्रीनसाठी दुप्पट, म्हणजे 600 रुंदी द्या अन् क्वालिटी 55-60. डाग दिसतच नाहीत.

तर्री_जास्त: डीपीआय (इंचामागे ठिपके) 300 चा 72 केला तं?

बर्डीकर: काई होत नाही भाऊ. तो छपाईचा आकडा, पिक्सेल तेवढेच.

संत्रेवाली: केशरी फळ हिरव्या पानावर असलं की कडेला रंग ओघळतो. जेपेगच्या 4:2:0 सेटिंगमध्ये रंगाची माहिती आडवी-उभी अर्धी होते, म्हणून. फोटोत खपून जातं, पण वर लाल अक्षरं असतील तर 4:4:4 (रंग पूर्ण ठेवणारी) च ठेवा. फाइल थोडी फुगते, पण भाव वाचता येतो!

नाईटशिफ्ट: एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) उडवा, पण फोटो आधी खरोखर फिरवून. फोन बरेचदा उभा फोटो आडवाच साठवतो, दिशा फक्त खुणेत. खूण गेली की ताट आडवं. इमेजमॅजिक सॉफ्टवेअरमध्ये ऑटो-ओरिएंट कमांड आधी, थंबनेल कमांड नंतर. थंबनेल कमांड एक्झिफ काढते, रंगाचं प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ती माहिती) ठेवते. प्रोफाइलही काढायचं तर पहिले एसआरजीबीत (वेबच्या नेहमीच्या रंगांत) बदला, नाहीतर आयफोनचे पी3 (जास्त रंगांचे) फोटो फिके पडतात. एक्झिफमध्ये लोकेशन पण असतं हं, घरून धंदा करणाऱ्यांनी बघा.

तर्री_जास्त: ताट आडवं म्हणजे तर्री सांडली न बे 😄

धरमपेठी: शेव-चिवडा केबी खातो. जेपेग 8 बाय 8 चे चौकोन पाडून दाबतं. चौकोनात बारीक पोत असला की बाइट वाढतात, साधी पांढरी प्लेट फुकटात जाते. मागचा टेबलक्लॉथ धूसर करा. अन् शार्पन लहान केल्यावर, तेही चिमूटभर. त्यानंही फाइल वाढते.

फॉर्मभरू: विषय वेगळा, पण आयबीपीएसच्या (बँक भरती) फॉर्मसाठी सहीची फाइल किती ठेवायची?

नाईटशिफ्ट: 140 बाय 60, 10 ते 20 केबी. फोटो 200 बाय 230, 20 ते 50. खालची मर्यादा पण आहे! 6 केबी आली तर क्वालिटी वाढव, पिक्सेल नको.

फॉर्मभरू: 🙏

खामला_कट्टा: पीएनजीत फोटो टाकणाऱ्याले कोपरापासून नमस्कार. पीएनजी लोगोले. फोटोले वेबपी (वेबसाठीचा फॉरमॅट) केलं तं जेपेगपेक्षा पाव हिस्सा तरी सहसा वाचते.

संत्रेवाली: दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, तो आधीच दाबलेला. पुन्हा दाबला की चौकोन दिसतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

तर्री_जास्त: दुकानदारांले हेच सांगून सांगून थकलो. बरं, सक्करदऱ्याकडे पाऊस आहे का? कपडे वाळत घातले हायेत.