मदत हवी आहे : त′ ∪ ब मध्ये मधला भाग का रंगवायचा?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. पोरगी अकरावीत आहे, संभाव्यतेत वेन आकृतीपाशी (एकमेकांत शिरलेली वर्तुळं काढून गट दाखवतात ती) अडकली. शब्दांत विचारलं तर सांगते, चिन्हं दिसली की गाडी थांबते.

मी घरचंच उदाहरण काढलं. 40 जणांपैकी 25 जणांना तर्री पोहे आवडतात (त), 18 जणांना संत्रा बर्फी (ब), 10 जणांना दोन्ही. त ∩ ब (दोन्ही आवडणारे, आकृतीतला मधला भाग) मध्ये 10, त ∪ ब (दोन्हींपैकी एक तरी आवडणारे) मध्ये 25 + 18 − 10 = 33, बाहेर उरले 7. त′ म्हणजे तर्री न आवडणारे; त′ ∩ ब, म्हणजे नुसते बर्फीवाले, 8/40. इथवर ठीक.

मग आलं त′ ∪ ब, म्हणजे तर्री न आवडणारे किंवा बर्फी आवडणारे. उत्तर 25/40. तर ती म्हणते, "बाबा, तर्रीवाले नको म्हणता, मग ते मधले 10 आत कसे?" मी म्हटलं, ते बर्फीच्या दारातून आले. पटलं नाही. त′ ला आडव्या, ब ला उभ्या रेघा मारल्या. मधल्या भागात नुसत्या उभ्याच दिसल्या, तर तिने तो भाग खोडून टाकला. (∪ ला एकच रेघ पुरते, ∩ ला दोन्ही लागतात, हे तिच्याच वहीत लिहिलेलं आहे!)

शिकवणारे कोणी असाल तर हे पोरांच्या गळी कसं उतरवता? परवा चाचणी आहे.