मुलं वर्ग सोडून मोर्चाला गेली, तर शाळेची जबाबदारी फाटकापाशी संपते का?

साउथबेची_आई

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. गेल्या आठवड्यात माझी नववीतली लेक पाचव्या तासाला दप्तर उचलून शाळेबाहेर पडली. इमिग्रेशनच्या धाडींविरोधात मुलांनीच वॉकआउट ठरवला होता, तीन दिवस इन्स्टावर फिरत होता, शाळेलाही माहीत होतं. आम्हा पालकांना कळलं संध्याकाळी पावणेसहाला. गैरहजेरीचा नेहमीचा रेकॉर्डेड फोन आला, पाचव्या-सहाव्या तासाला मुलगी वर्गात नव्हती म्हणून. तोवर ती घरी येऊन मॅगी खात बसली होती.

मग तिने जे सांगितलं त्याने पोटात गोळा आला. शाळेसमोरचा रस्ता सहा पदरी. सिग्नलचा आकडा खाली यायला लागला, पुढची मुलं पलीकडे पोचली आणि मागची पंधरा-वीस मधल्या दुभाजकावर अडकली. दुभाजक म्हणजे फूटभर रुंदीचा कठडा. दोन्ही बाजूंनी गाड्या. एका पोराच्या हातातला पुठ्ठा वाऱ्याने फिरला आणि जाणाऱ्या गाडीच्या आरशावर आदळला. तिथे एकही मोठं माणूस नव्हतं. शाळेचे सिक्युरिटीवाले फाटकाच्या आत उभं राहून बघत होते.

तिने मला आधी विचारलं असतं तर मी बहुतेक 'जा' म्हटलं असतं. शाळेने मुलांना अडवावं असं माझं म्हणणं नाही, पाठवावं असंही नाही. पण पोरं निघालीत हे डोळ्यांना दिसतंय, तर दोन माणसं सिग्नलवर उभी करा आणि त्याच मिनिटाला आईबापांना मेसेज टाका. एवढं मागणं जास्त आहे का?

राजगुरुनगरकर

ताई, काळजी समजते, पण मागणी पटत नाही. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात कलम ४४८०८ आहे. मूल शाळेच्या आवाराबाहेर असेल आणि शाळेने स्वतःहून ती जबाबदारी घेतलेली नसेल, तर त्याच्या वागण्याची किंवा सुरक्षिततेची जबाबदारी शाळेवर नाही. उद्या शाळेने सिग्नलवर माणसं उभी केली की ती जबाबदारी घेतल्यासारखंच झालं. मग एखाद्या पोराचा पाय मोडला तर दावा कोणावर?

दुसरं म्हणजे, आज विषय तुमच्या मनाजोगता आहे. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण मारले गेले, त्यानंतर १४ मार्च २०१८ ला बंदुकांच्या हिंसेविरोधात देशभर १७ मिनिटांचा वॉकआउट झाला. कितीतरी शाळांनी तेव्हा मुलांना मैदानात जागा करून दिली. याच राज्यात रॉकलिनच्या एका शिक्षिकेने वर्गात विचारलं, 'गर्भपाताविरुद्ध कोणी असा वॉकआउट काढला तर शाळा चालवून घेईल का?' तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं. एप्रिलमध्ये तसा वॉकआउट खरंच निघाला. शाळा एकदा मोर्चासोबत चालायला लागली की कोणासोबत चालायचं हे तिला निवडावं लागतं. त्यापेक्षा तिने कोणासोबतच चालू नये.

बीजगणित_बाई

मी याच राज्यात हायस्कूलला शिकवते, म्हणून वर्गात काय होतं ते सांगते. ३४ मुलं. बारा वाजून दहा मिनिटांनी अकरा जण उठली. एकीने जाताना गृहपाठ माझ्या टेबलावर ठेवला, 'सॉरी मिस' म्हणाली. मी काय करायचं? हात धरता येत नाही, दार लावून घेता येत नाही. त्यांच्यामागे गेले तर उरलेली २३ वाऱ्यावर. गेले नाही तर ही अकरा वाऱ्यावर. मी खिडकीतून बघत राहिले आणि फळ्यावरचं उदाहरण तसंच अर्धं राहिलं.

आम्हाला आदल्या दिवशी ईमेल आलं होतं: तटस्थ राहा, उत्तेजन देऊ नका, अडवू नका. काय करू नका ते सगळं होतं. काय करा, याची एक ओळ नव्हती.

दोन_मुलांचा_बाबा

माझं मत तुम्हा सगळ्यांपेक्षा कडक आहे. आम्ही एच-४ वाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याचं अवलंबून कुटुंब. माझ्या मुलाचं नाव कुठल्या पोलीस कागदावर आलं तर आमच्या घरात काय होईल याची कल्पना नागरिक झालेल्यांना येणार नाही. फाटक बंद करा. शाळेच्या वेळेत मूल शाळेत असलं पाहिजे, त्या भरवशावरच मी त्याला सकाळी सोडून येतो.

नंदुरबारचा

मी धुळ्यात राहतो, अमेरिका पाहिलेली नाही. पण फाटकाचं म्हणाल तर थोडं वाचलंय. १९६३ च्या मे महिन्यात अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये काळी शाळकरी मुलं वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा पार्कर हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी फाटकाला कुलूप घालायला लावलं होतं. पोरं भिंतीवरून उड्या मारून गेली. बाहेर कुत्रे आणि पाण्याचे फवारे होते. कुलपामुळे एवढंच झालं, की मुलं शाळेच्या कोणाही माणसाशिवाय तिथे पोचली.

माझं गाव शिरीषकुमारचं. ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, पोलिसांची गोळी. पंधरा वर्षांचं पोर. लहानपणी दरवर्षी ९ सप्टेंबरला आम्ही रांगेत हुतात्मा स्मारकापाशी जायचो आणि गुरुजी धैर्याबद्दल बोलायचे. आता माझा नातू पंधराचा आहे आणि मला ती गोष्ट पूर्वीसारखी ऐकवत नाही. त्या दिवशी त्या पोरांच्या पुढे उभं राहणारं मोठं माणूस कोण होतं, हाच प्रश्न मनात येतो. दोन मुलांचे बाबा, तुमची भीती खरी आहे, पण कुलूप लावून मुलगा आत राहील हे धरून चालू नका.

साउथबेची_आई

राजगुरुनगरकर, कलम तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच वाक्यात पुढे आहे, की परिस्थितीनुसार वाजवी काळजी घेतली नसेल तर शाळा सुटत नाही. १९७८ चा मॅनहॅटन बीचच्या शाळांचा खटला बघा. उन्हाळी शाळेतून परवानगीशिवाय निसटलेल्या दहा वर्षांच्या मुलाला रस्त्यावर मोटारसायकलने उडवलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अपघात बाहेर झाला एवढ्यावर शाळेला हात झटकता येणार नाही, ते मूल आवारात असताना लक्ष ठेवलं होतं का हे तपासलं पाहिजे. शाळेचा किल्ला करा असं कोर्ट म्हणत नाही. नेहमीची काळजी घ्या, म्हणतं.

आणि विषय निवडण्याबद्दल: निवडायचाच नाही. माझ्या मताच्या अगदी उलट मोर्चा असला तरी त्याच सिग्नलवर तीच दोन माणसं. त्यांनी घोषणा वाचायच्या नाहीत, गाड्या बघायच्या.

राजगुरुनगरकर

खटल्याचं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण तो मुलगा दहा वर्षांचा आणि नकळत निसटलेला. नववी-दहावीची मुलं तीन दिवस आधी ठरवून जातात. आयोवाच्या मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या आणि १९६९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ ने जिंकली, ती वर्गात बसून. वर्ग सोडून जाण्याचा हक्क त्या निकालाने दिलेला नाही. ज्याला जायचंय त्याच्यासाठी रस्ता आहे ना. २०२३ पासून आपल्याच राज्यात सहावीपुढच्या मुलांना वर्षातून एक दिवस नागरी किंवा राजकीय कार्यक्रमासाठी अधिकृत रजा मिळते, फक्त शाळेला आधी कळवायचं. व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या शाळांनी साधारण तसंच २०२० पासून ठेवलंय. तुमच्या लेकीने ती का घेतली नाही, हा प्रश्न घरात विचारायचा आहे.

साउथबेची_आई

विचारला. तिला अशी रजा असते हेच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. शाळेच्या हँडबुकात शोधलं तर पान ४१ वर, लसीकरण आणि अंत्यविधीच्या रजांच्या मधे, एक ओळ सापडली.

दोन_मुलांचा_बाबा

नंदुरबारचे काका, कुलपाचं तुमचं वाचून रात्री मुलाशी बोललो. तो म्हणाला, 'बाबा, मी गेलो नाही, पण तुम्ही विचारलंही नाहीत.' माझं मत अजून बदललेलं नाही. पण मेसेज लगेच यावा, या मागणीत माझी सही धरा.

बीजगणित_बाई

ताई, मंगळवारी स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलणार असाल तर 'शिक्षकांनी सोबत जावं' असं लिहू नका. युनियन नाही म्हणेल आणि बरोबरच म्हणेल, आमचे वर्ग चालू असतात. 'फाटकापासून पहिल्या सिग्नलच्या पलीकडेपर्यंत, ऑफिसचा आणि सिक्युरिटीचा स्टाफ' असं लिहा. तो सिग्नल किती सेकंदांचा आहे तेही घड्याळ लावून मोजून न्या. आमच्या इथला मी काल मोजला, २२ सेकंद. मी एकटी भराभर चालले तरी पलीकडे पोचेपर्यंत आकडा ३ वर आला होता.