'निष्ठीवन' की 'थुंकणे'? पाटीवर कोणता शब्द हवा?

शब्दवेडी
सोसायटीच्या जिन्यातली 'येथे थुंकू नये' ही पाटी नव्याने रंगवायची आहे. समितीतल्या एका काकांना 'थुंकू' खटकतं, त्यांनी 'निष्ठीवन निषिद्ध' सुचवलं. मूळ धातू ष्ठिव्. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) 'ष्ठिवु निरसने', म्हणजे बाहेर टाकणे. म्हणजे अर्थ तोच. माझा ठाम विरोध आहे. पाटी वाचणाऱ्याला कोश उघडावा लागू नये.

जुनापुराणा
मी काकांच्या बाजूचा. 'थुंकणे'त तिरस्कार भरलाय: तोंडावर थुंकणे, थुंकी झेलणे. पाहुण्यांनी दारातच ते का वाचावं? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मूत्र, पुरीष (विष्ठा), ष्ठीवन टाकू नये असं सांगितलंय. नियमाची भाषा संयमीच हवी. शिवाय 'थुंकणे' हा ष्ठीवनाचाच अपभ्रंश ना?

शब्दवेडी
अपभ्रंश नाही. थुंकणे आलं 'थू' या आवाजातून. प्राकृतात थुक्क, हिंदीत थूकना. संस्कृतातही थूत्कार आहेच. ष्ठिव् वेगळा, आणि त्याची गंमत अशी: धातूच्या सुरुवातीच्या 'ष'चा 'स' करा, असा पाणिनीचा नियम आहे (६.१.६४). म्हणून ष्ठा चा स्था झाला. ष्ठिव् ला मात्र वार्तिकाने, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पुरवणी नियमाने, त्यातून वगळलं, म्हणून 'ष्ठीवति'. मला तर या 'ष्ठ'मध्येही जीभ टाळूवरून सुटल्याचा आवाज ऐकू येतो. दोन्ही शब्द तोंडातूनच जन्मले, मग एक सोवळा कसा?

उलट संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी 'काव्यादर्श' या ग्रंथात म्हणतो की निष्ठ्यूत (थुंकलेलं, ष्ठिव् चंच रूप), उद्गीर्ण आणि वान्त (दोन्ही म्हणजे ओकलेलं) हे शब्द लाक्षणिक अर्थाने वापरले तर अतिसुंदर, एरवी ग्राम्य. शाकुंतलात एक झाड शकुंतलेच्या पावलांसाठी लाक्षारस (लाखेचा लाल रंग) 'निष्ठ्यूत' करतं, ते सुंदर. जिन्यातल्या पिचकाऱ्यांना तोच शब्द लावला, तर दंडीच्या लेखी तो ग्राम्यच!

जुनापुराणा
दंडी काव्याबद्दल बोलतोय. वैद्यकात हा शब्द सरळ अर्थानेच येतो. रक्तष्ठीवन म्हणजे थुंकीवाटे रक्त पडणे. रुग्णाच्या कागदावर 'रक्त थुंकतो' लिहायचं का?

गावोगावी
क्षयरोगाच्या कामात आम्ही 'बेडक्यात रक्त पडतं का?' असंच विचारतो. ष्ठीवन विचारलं तर म्हातारी मान हलवून 'नाही' म्हणेल आणि तपासणी राहून जाईल. सभ्यतेपायी निदान चुकायला नको. आणि बेडका हा काही असभ्य शब्द नाही, फक्त तो गावात बोलतात.

जुनापुराणा
हा मुद्दा मला सुचला नव्हता. पाटीपुरता आग्रह सोडतो, ग्रंथातला शब्द मात्र सोडणार नाही.

शब्दवेडी
ग्रंथातून तो काढा असं मी म्हटलंच नाही. 'येथे थुंकू नये' रंगवायला देते. काकांना दंडीचा श्लोक दाखवणार आहे.