‘सगळं पतंजलीने आधीच सांगितलंय’ म्हणे. मग सगळं वाचा तरी

खाडीपलीकडचा
आपल्या गटात एक लेख फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पाश्चात्त्य मानसशास्त्र म्हणजे पतंजलीची नक्कल; नैराश्याला गोळ्या घेणं म्हणजे परंपरेवर अविश्वास; रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वास बघा, सात्त्विक खा, विचार आपोआप थांबतात. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. पतंजलीने हे कुठे म्हटलंय, असं एकानेही विचारलं नाही.

कुठेच म्हटलेलं नाही. योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं दुसरं सूत्र (योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध) सगळ्यांना पाठ, आणि तिथून उडी थेट समाधीवर. मधलं चौदावं कोण वाचतो? दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केला तर अभ्यास पक्का होतो, एवढीच हमी त्यात आहे. तिसाव्यात नऊ अडथळे मोजलेत: व्याधी, स्त्यान (मनाची जडता), संशय, प्रमाद (बेफिकिरी), आलस्य, अविरती (विषयांची ओढ), भ्रांतिदर्शन (भलतंच खरं वाटणं), अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. शेवटचे दोन बघा. खूप करूनही पायरी हाती न लागणं वेगळं आणि लागलेली पायरी निसटणं वेगळं. ज्याने बसून पाहिलंय तोच या दोन नोंदी वेगळ्या ठेवेल. एकतिसाव्यात या अडथळ्यांची सोबत दिलीय: दुःख, खिन्नता, अंगाचा कंप, श्वासाची विस्कटलेली लय.

आणि ‘श्वास बघा’ हे सरसकट सगळ्यांना? बौद्ध आचार्य बुद्धघोषाचा विशुद्धिमार्ग हा पाली ग्रंथ घ्या, पाचव्या शतकातला. (आपल्या किनाऱ्यावरच्याच, गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी तो १९४० मध्ये देवनागरीत संपादून दिलाय, त्यामुळे लिपीची सबब चालणार नाही.) त्यात ध्यानाचे ४० विषय आहेत आणि माणसाचे सहा स्वभाव. आसक्त स्वभावाला दहा अशुभ भावना (प्रेताच्या अवस्थांवर ध्यान) आणि कायगतास्मृती (शरीराच्या घटकांवर ध्यान). द्वेषी स्वभावाला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा आणि चार रंगांची कसिणं (ध्यानासाठी बघायच्या चकत्या). श्वास दिलाय तो मोहग्रस्ताला आणि ज्याच्या डोक्यात सतत विचारांची चक्की चालते त्याला. मैत्रीभावनेलाही क्रम आहे: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग तटस्थ, शेवटी वैरी. सुरुवातीलाच वैरी घेतला तर राग उसळतो, जिवलग घेतला तर त्याच्या जराशा दुःखानेही रडू येतं, आणि मेलेल्या माणसावर तर ती करायचीच नाही, कारण त्यातून एकाग्रता साधतच नाही. एवढं बारीक लिहून ठेवलेलं असताना आपण त्याचं ‘दहा मिनिटं श्वास’ करून टाकलं.

सूत्रपाठी
लेख उथळ आहे, ठीक. पण तुमच्या लिहिण्याचा सूर असा की लोकांनी आता पतंजलीचं नाव घ्यायलाही भ्यावं. दुसऱ्या पादाचं चौथं सूत्र सांगायचं सोयीस्कर विसरलात. क्लेश (आसक्ती, द्वेष असे मनाचे दोष) चार अवस्थांत असतात: प्रसुप्त (झोपलेले), तनू (क्षीण), विच्छिन्न (मध्येच दबलेले), उदार (पूर्ण प्रकट). योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात विच्छिन्नाचं उदाहरण आहे: चैत्र एका स्त्रीवर अनुरक्त आहे म्हणून बाकीच्यांबद्दल विरक्त होत नाही. वृत्ती दबते, मरत नाही, संधी मिळाली की वर येते. फ्रॉइडच्या दीड हजार वर्षं आधी हे लिहिलंय. आणि तेहतिसावं सूत्र, प्रतिपक्षभावन (वाईट विचार आला की त्याच्या उलट भावना करणं)? आजची सीबीटी (विचार तपासून बदलायची मानसोपचार पद्धत) म्हणजे दुसरं काय आहे?

अनुमान_प्रमाण
झालं, आलीच ‘आधी आमच्याकडे होतं’ची गाडी.

साम्य दिसलं म्हणजे नक्कल सिद्ध होत नाही. सीबीटीचा पाया घालणाऱ्या बेक आणि एलिस दोघांनीही ऋण मानलंय ते ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांचं. जिथे खरोखर आपल्याकडून घेतलं तिथे घेणारे तसं सांगतात. काबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेने ताण कमी करायचा कार्यक्रम सुरू केला, त्याची मुळं बौद्ध ध्यानात आहेत हे त्यांनी स्वतः लिहिलंय.

प्रतिपक्षभावन आणि सीबीटी एकच नव्हेत. सूत्रात हिंसेचा विचार आला की त्याची फळं आठवायची: अनंत दुःख, अनंत अज्ञान. सीबीटीत विचाराची उलटतपासणी असते. प्रसंग लिहा, त्या क्षणी आलेला विचार लिहा, भावना ० ते १०० मध्ये मोजा, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरोधातला पुरावा, मग पुन्हा मोजा. एकात परिणाम बघून विचार टाकायचा, दुसऱ्यात विचार खरा आहे का ते तपासायचं. आणि पतंजलीला क्लेशाचं बी जाळायचंय ते कैवल्यासाठी. पेशंट सोमवारी कामावर जाईल की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

व्यासभाष्याचंच म्हणाल तर, मरणाची भीती सगळ्यांना असते म्हणून मागचा जन्म होता, असं अनुमानही तिथेच आहे. तेही मानसशास्त्र का?

सूत्रपाठी
अनुमान_प्रमाण नाव घेतलंत म्हणून अनुमान कळतं असं नाही.

कणकवलीकर
वाद कशाला? आमच्या मामींची झोप उडाली होती, विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं आणि गाडी रुळावर. याहून मोठा पुरावा काय हवा?

वॉर्डवाली
मामींना बरं वाटलं, छान. पण त्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि गंभीर आजार असेल तर येऊ नका म्हणतात. चालवणाऱ्यांना मर्यादा ठाऊक आहे, मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना नाही.

लेखातलं ‘गोळ्या कशाला’ हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. नैराश्याच्या औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता वाढू शकते. नेमकं तेव्हाच कुणीतरी हा असला मजकूर पाठवतं आणि माणूस गोळ्या बंद करतो. त्या एकदम सोडल्या की चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड. मग घरचे म्हणतात, बघा, औषधाने बिघडलं. बंद करायच्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस टप्प्याटप्प्याने उतरवत.

आणि आजार ऐन भरात असताना डोळे मिटून एकटं बसवू नका. तेच तेच विचार उगाळायला मोकळं रान मिळतं. बसायचंच असेल तर डोळे उघडे, वेळ थोडा, शक्यतो चालता चालता, पावलांवर लक्ष. भास होत असतील, झोप अगदी कमी होऊन उत्साह उतू जात असेल, तर ध्यान बाजूला आणि आधी डॉक्टर.

खाडीपलीकडचा
@वॉर्डवाली, याला ग्रंथातच आधार आहे. संयुत्त निकायात (बुद्धवचनांच्या संग्रहात) आणि विनयात (भिक्षूंच्या नियमग्रंथात) वैशालीचा प्रसंग आहे. बुद्धांनी अशुभ भावना शिकवली आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. परत येतात तर भिक्षूंची संख्या रोडावलेली. देहाची इतकी किळस बसली की कित्येकांनी जीव दिला. त्यानंतर बुद्धांनी त्यांना आनापानस्मृती, म्हणजे श्वासावरचं ध्यान दिलं. ध्यानाचा अपाय परंपरेने झाकून ठेवला नाही, भक्त झाकतात.

देवगडी
सगळे चित्तावर बोलतायत. ‘सात्त्विक खा’वर कोणी बोलणार हा की नाय? म्हणजे बांगडो खाणाऱ्याचा चित्त जन्मभर विक्षिप्त?

सूत्रपाठी
विषय निघालाच आहे तर सांगतो. हठप्रदीपिका, स्वात्मारामाचा हठयोगावरचा ग्रंथ, पहिला उपदेश, एकोणसाठावा श्लोक. मत्स्य स्पष्ट अपथ्यात आहे. यात माझं मत काही नाही.

वैद्य_चिपळूण
अर्धा श्लोक सांगायची सवय तुम्हालाही आहे म्हणायची. मासे आहेत त्या यादीत, पण सोबत काय काय आहे? तिखट, आंबट, खारट, तीळ, मोहरी, दही, ताक, बोरं, हिंग, लसूण आणि कुळीथ. आता सांगा, कोकणातल्या कुठल्या शाकाहारी घरात कुळथाची पिठी होत नाही? वर हिंग-लसणाची फोडणी आणि आमसूल. एका वाटीत चार अपथ्यं. जेवणानंतर ताक, पाचवं. बांगडेवाल्याला नावं ठेवण्याआधी आपलं ताट तपासा.

देवगडी
🙏🙏 वैद्यबुवा, तुमचे पाय खंय आसत?

सूत्रपाठी
कुळीथ आणि जिवंत प्राणी मारणं एकाच पंगतीत बसवता?

वैद्य_चिपळूण
मी नाही, स्वात्मारामाने बसवलेत. आणि मुद्दा हिंसेचा नाही, ती अडचण यमांत (अहिंसा, सत्य वगैरे) वेगळी सांगितलीय. ही यादी हठाभ्यासात प्राणायाम करणाऱ्यासाठी आहे. चरकाने कुळीथ उष्ण आणि विपाकाने (पचनानंतर) अम्ल सांगितलाय, तरी खोकला, उचकी, दमा, मूळव्याध यांत हितकर. हठप्रदीपिकेत अपथ्यांच्या आदल्याच श्लोकात खरा नियम आहे, मिताहार: स्निग्ध, मधुर, पोटाचा चौथा भाग रिकामा. तो कुणी पुढे पाठवत नाही, कारण पोट भरेपर्यंत श्रीखंड हाणणाऱ्याला तो परवडत नाही.

कणकवलीकर
पिठीत आमसूल? आमच्याकडे ओला नारळ वरून, आमसूल कधीच नाही.

देवगडी
आमसुलाशिवाय पिठी म्हणजे पेज. दोन चमचे पीठ, अडीच वाट्या पाणी, पीठ आधी थंड पाण्यात कालवायचा. उकळत्यात कोरडा टाकलास तर गुठळ्ये जातले नाय. दोन आमसुला शेवटाक.

कणकवलीकर
दोन चमच्यांत अडीच वाट्या? त्याला पिठी म्हणत नाहीत, कुळथाचं पाणी म्हणतात.

खाडीपलीकडचा
हा धागा पिठीचा नाही, हे नम्रपणे सांगतो.

देवगडी
नम्रपणे ऐकलंय. पण तुमच्या त्या बौद्धांचा काय? तेंका मासे चालत?

खाडीपलीकडचा
चालत. आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंका नाही, या तीन अटींवर. भिक्षू देवदत्ताने मासे-मांस पूर्ण बंद करा अशी मागणी केली तेव्हा बुद्धांनी ती नाकारली. आणि गंमत बघा, विशुद्धिमार्गात खाण्यावरून स्वभाव ओळखायच्या खुणा आहेत. आसक्त स्वभावाचा माणूस गोड, स्निग्ध खातो, लहान गोल घास करून, सावकाश. द्वेषी माणसाला रूक्ष आणि आंबट आवडतं, तोंडभर घास घेतो. मोहग्रस्ताची आवड ठरलेली नसते, खाताना सांडतो.

झाडण्यावरूनही सांगितलंय. द्वेषी माणूस केरसुणी घट्ट आवळतो, कर्कश आवाज करत दोन्ही बाजूंना वाळू उडवतो. जागा स्वच्छ होत नाही आणि सारखीही होत नाही. आसक्त माणूस वाळू न विखुरता, फुलं अंथरावीत तशी सारखी झाडतो. मोहग्रस्त केरसुणी सैल धरतो, कचरा उलटसुलट करतो, जागा ना स्वच्छ ना सारखी. चालण्याच्याही खुणा आहेत: द्वेषी माणूस चवड्याने जमीन उकरत असल्यासारखा चालतो, पाऊल झटक्यात टाकतो, झटक्यात उचलतो. माणसाच्या तोंडच्या माहितीवर न विसंबता वागणूक बघून निदान करायचं, ही रीत मला त्यात मोलाची वाटते.

देवगडी
म्हणजे सोलकढी पिणारो अख्खो कोकण द्वेषी. ह्या मात्र पटला.

अनुमान_प्रमाण
वाळू उडाली म्हणून द्वेषी? दोन परीक्षकांनी एकाच माणसाला झाडताना बघून एकच स्वभाव सांगितला, असं कधी कुणी ताडून पाहिलंय? नसेल तर हे आणि राशिभविष्य यांत फरक काय?

खाडीपलीकडचा
फरक हा की लेखक स्वतःच कबूल करतो. खुणा देऊन झाल्यावर बुद्धघोष म्हणतो की हे सगळं मूळ पाली ग्रंथांत किंवा अट्ठकथेत (त्यांवरच्या भाष्यात) पूर्ण आलेलं नाही, आचार्यांच्या मतानुसार आहे, म्हणून ते सार मानून चालू नका. राशिभविष्याखाली अशी टीप वाचलीय?

अनुमान_प्रमाण
नाही वाचली. बरं, बुद्धघोषाला एक गुण. त्याच्या नावाने मेसेज पाठवणाऱ्यांना शून्य.

माझी तक्रार मोजणीची आहे. टीसडेल आणि सहकाऱ्यांची २००० सालची चाचणी घ्या. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेत, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के पुन्हा आजारी पडले, सजगतेचं प्रशिक्षण जोडलेल्यांत ३७ टक्के. दोनच झटके आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. शिवाय हे सगळे चाचणीच्या वेळी बरे असलेले लोक, ऐन आजारातले नव्हेत. ध्यान कुणाला, कधी, हे असं कळतं.

सूत्रपाठी
म्हणजे कुणाला काय द्यायचं हे माणूस बघून ठरवा, हेच तुमची चाचणी सांगते आणि हेच खाडीपलीकडचे पहिल्या पोस्टपासून ग्रंथातून सांगतायत. मग भांडता कशाला?

अनुमान_प्रमाण
कारण तुम्ही ‘दीड हजार वर्षं आधी’ने सुरुवात केलीत.

सूत्रपाठी
ती मी मागे घेणार नाही. ‘नक्कल’ हा शब्द लेखकाचा होता, माझा नव्हे, आणि तो चुकीचा आहे एवढं लिहून देतो. बास?

दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला जाऊन या कधी. २९ लेणी. आधी हीनयानी बौद्ध, मग वज्रयानी बौद्ध, मग त्याच डोंगरात नाथपंथी. एका डोंगरात तीन परंपरा नांदल्या आणि इथे आपण पहिलं कोण यावर रात्र काढतोय.

वॉर्डवाली
एक व्यवहाराचं विचारते. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय, औषध चालू आहे, आता प्रकृती स्थिर आहे, अशा माणसाला श्वास मोजायचाय. कसा मोजावा याबद्दल त्या ग्रंथात काही आहे का? बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

खाडीपलीकडचा
आहे, कारणांसकट. पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही, मधला आकडा गाळायचा नाही. पाचाच्या आत थांबलं तर मन कोंडल्यासारखं तडफडतं. दहापुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. आकडा गाळला तर साधलं की नाही या शंकेत ते अडकतं. म्हणून एक ते पाच, पुन्हा एक ते सहा, असं वाढवत दहापर्यंत. सुरुवातीला अगदी सावकाश, धान्य मापणाऱ्यासारखं. श्वास स्पष्ट कळायला लागला की मगच भरभर. आणि श्वासाच्या मागे आत-बाहेर धावायचं नाही, तो नाकाशी लागतो त्या जागेवर थांबायचं.

अनुमान_प्रमाण
आणि सातवर विसरलो तर?

खाडीपलीकडचा
एकपासून.

देवगडी
कणकवलीकर, पीठ वाढवून तीन चमचे करूया. पण आमसूल राहतला.