गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी दरवर्षी, की पाच वर्षांनी?

रंकाळाकाठ
आमच्या भिशीतल्या बायका दर वर्षी न चुकता पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्या बिघडल्यात का ते बघायची तपासणी, करून घेतात. काळजी घेतात हे चांगलंच, पण आधीचे रिपोर्ट नॉर्मल असताना दरवर्षी याची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. वर्षानुवर्षं टिकला तरच पेशी बिघडतात, आणि पुढे कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. दरवर्षी तपासलं की आपोआप बरे होणारे बदलही सापडतात, मग बायॉप्सी आणि जिवाला घोर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिशीपासून ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही डीएनए टेस्ट, म्हणजे तो विषाणूच आहे का हे बघणारी तपासणी, करायला सांगितलंय.

शाहूपुरीकर
पटत नाही, ताई. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या लक्षात ठेवणारी बाई स्वतःची पाच वर्षांनंतरची तारीख विसरणारच. दरवर्षी शुगर-बीपीसोबत हेही उरकलं की सवय लागते. शिवाय पॅपमध्ये बिघाड निसटू शकतो. एका नॉर्मल पॅपवर पाच वर्षं निर्धास्त राहायचं?

रंकाळाकाठ
एका पॅपवर नाही. पॅप असेल तर तीन वर्षांनी, पाच वर्षं एचपीव्ही टेस्टला. आपल्याच महाराष्ट्रातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांपैकी त्या आठ वर्षांत एकही या कॅन्सरने गेली नाही. याहून मोठा दिलासा कुठला हवा?

गडहिंग्लजची आशा
वहिनी, तुमची एचपीव्ही टेस्ट आमच्या उपकेंद्रात होत नाही. आमच्याकडं व्हाया करतात. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. सरकारचा नियम ३० ते ६५ वयात पाच वर्षांनी. पण तुम्ही सांगितलेल्या त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हायानं मृत्यू फारसे कमी झाले नव्हते. मुंबईच्या वस्त्यांत दोन-दोन वर्षांनी व्हाया केली तेव्हा ३१ टक्के कमी झाले. मग आमच्या बायकांना पाच वर्षं थांबा असं कुठल्या तोंडानं सांगू?

आणि मुळात येतं कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, ३० ते ४९ वयातल्या १.९ टक्के बायकांनीच ही तपासणी कधीतरी केल्याचं सांगितलं. भांगलणीला गेलेली बाई म्हणते, "मला काय झालंय? उगाच कशाला उघडून बघायचं?" लई समजवावं लागतं. तपासणारी बाईमाणूस आहे म्हटल्यावर मग कुठं एखादी तयार होते.

रंकाळाकाठ
व्हायाचा मुद्दा बरोबर आहे तुमचा. अंतर टेस्टवर ठरतं. म्हणूनच एचपीव्ही टेस्ट उपकेंद्रापर्यंत यायला हवी. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, लाजेचा प्रश्न बराच सुटतो.

कागलची आई
माझ्या मुलीला एचपीव्हीची लस दिलीय. तिला तरी यातून सुटका?

रंकाळाकाठ
नाही. लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीवर चालत नाही. तिशीनंतर तिलाही तपासणी आहेच.

शाहूपुरीकर
मी दरवर्षीचं सोडणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायला हवी. ही अंतरं काही त्रास नसलेल्या बायकांसाठी आहेत. संबंधानंतर रक्त दिसलं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर मागचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी लगेच दाखवा. एचआयव्ही असलेल्यांची तपासणी तर २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी.

गडहिंग्लजची आशा
हे मी उद्याच्या बैठकीत सांगते. पण डाग दिसलेल्या बाईला पुढच्या तपासणीला कोल्हापूरला पाठवायचं म्हणजे तिची दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला कोणी लागतं. तिथंच बायका गळतात. दर दोन वर्षांनी तपासा नाहीतर पाच, ती गाडीत बसली का हे बघणारं माणूस आधी नेमा.